जूनमध्ये लेकीकडं एडिसनला चाललोय, तिथं टीव्हीवर फुटबॉलचा वर्ल्डकप बघायचा कसा?

आप्पा_मंगळवार (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. मी इथं लिहीत नाही, नुसता वाचतो. यंदा अडलंय म्हणून लिहितोय.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं लेकीकडं चाललोय, न्यू जर्सीत एडिसनला. तारखा ठरवताना जावई नातवाच्या शाळेचं बघत होता आणि मी ११ जून बघत होतो. त्या दिवशी मेक्सिको सिटीत पहिली मॅच. फायनल १९ जुलैला, ती तर न्यू जर्सीतच, ईस्ट रदरफर्डला. परतीचं तिकीट मी हट्टानं जुलैअखेरचं काढायला लावलं. आमची ही म्हणाली, लेकीची एवढी माया कधीपासनं? मी गप्प.

पेठेतली पोरं म्हणतात, आप्पा, एवढं जाताय तर मैदानातच जाऊन बसा की. जावयानं तिकिटांचे दर लॅपटॉपवर दाखवले. मी चष्मा पुसून परत एकदा बघितले आणि विषय मिटवला. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आयुष्य काढलेल्या माणसाला ते झेपणारं नाही. तेव्हा टीव्हीच.

आता अडचण ऐका. लेकीच्या घरात भिंतभर टीव्ही आहे, पण त्याला केबल नाही. मागं अंगठ्याएवढं काहीतरी खुपसलेलं असतं, त्यावर सगळं चालतं. जावई म्हणतो, मॅच बघायची तर फॉक्स नावाच्या चॅनेलचं अॅप घ्यावं लागेल, महिन्याला वीस डॉलर. रुपयात सतराशेच्या वर झाले की हो! मॅच दोन महिन्यांत पसरलेल्या, म्हणजे दोनदा भरायचे. जावई चांगला आहे, भरेल. पण मी त्याच्या घरात पाहुणा, आणि एसटीच्या वर्कशॉपमधनं रिटायर झालेला माणूस. उगं त्याच्या डोक्यावर खर्च नको वाटतो.

दुसरं म्हणजे भीती. माझा एक दोस्त मुलाकडं जाऊन आलाय. तो सांगतो, अमेरिकेत फुटबॉलच्या मध्येच जाहिराती लावतात, गोल जाहिरातीत जातो. आणि बोलणारे लोक ऑफसाइड म्हणजे काय ते समजावून सांगत बसतात. आता हा दोस्त चारचं चाळीस करून सांगणाऱ्यातला आहे, पण ऐकल्यापासनं माझं लक्ष लागेना.

आम्ही इथं कसं बघतो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला कळंल. ८६ ला दूरदर्शनवर मॅराडोना बघितला आणि अर्जेंटिनाचा झालो. तेव्हापासनं तालमीत सगळे एकत्र बसून बघतो. हल्ली भिंतीवर पडदा असतो. समालोचन कुणी ऐकत नाही, कारण आमच्यातच चाळीस समालोचक असतात. पण जाहिरात फक्त हाफटाइमला, तेवढ्यात खाली जाऊन चहा मारून यायचं. पंचेचाळीस मिनिटं कुणी जागचं हलायचं नाही. मी स्वतः राइट हाफला खेळलेला माणूस आहे (संघाचं नाव सांगत नाही, निम्मं कोल्हापूर भांडायला येईल). मला खेळ सलग बघायला पाहिजे. चेंडू नसलेली माणसं कुठं पळत्यात हे बघायला पाहिजे. मधनं मधनं तुकडे दाखवले तर काय बघायचं?

तर तिथं राहणाऱ्यांनी खरं काय ते सांगावं. पैसे कमीत कमी, मॅच जास्तीत जास्त. इंग्रजी मला समजतं, पण भराभरा बोललं की निसटतं.

फुलेवाडी_एक्सप्रेस

आप्पा, नाद खुळा! तुम्ही एडिसनला म्हणजे इकडं तालमीत तुमची खुर्ची रिकामी. मी बसू का?

सोपं काम सांगतो. आपलं इथलं अॅप मोबाइलमध्ये घालून न्या आणि तिथं टीव्हीला जोडा. पैसे इथले, मॅच तिथं. जाळ आणि धूर संगटच.

रंकाळा_ते_रॅरिटन

फुलेवाडीकर, तसं होत नाही भावा. प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक विकलेले असतात. भारतातलं अॅप अमेरिकेत उघडलं की ते ओळखतं आणि 'तुमच्या भागात उपलब्ध नाही' म्हणून तोंडावर दार लावतं. आप्पांना ११ जूनला दुपारी तीन वाजता ती पाटी बघायला लावू नका.

आप्पा, नमस्कार. मी मूळचा शिवाजी पेठेतला, तुम्ही मंगळवार पेठेतले, म्हणजे मैदानावर आपलं जमणं अवघड आहे. पण समुद्र ओलांडला की पेठ माफ असते. ९३ साली इथल्या रटगर्स विद्यापीठात शिकायला आलो आणि इथंच राहिलो, तुमच्या लेकीच्या घरापासून रॅरिटन नदीच्या पल्याड. अमेरिकन टीव्हीनं वर्ल्डकपचं काय काय केलं ते त्यामुळं जवळून बघितलंय.

आधी कामाचं. जावईबापूंना सांगा, अॅप नंतर, पहिल्यांदा अँटेना आणा. हसू नका. इथं बडी चॅनेल अजूनही हवेतून फुकट येतात. वीस-तीस डॉलरला पातळ पुठ्ठ्यासारखा अँटेना मिळतो. तो खिडकीच्या काचेला चिकटवायचा, वायर टीव्हीच्या मागं पिळून बसवायची आणि सेटिंगमध्ये जाऊन चॅनेल स्कॅन मारायचा. एडिसनहून न्यूयॉर्कचे टॉवर पार जवळ नाहीत, म्हणून आतमध्ये अॅम्प्लिफायर असलेला घ्या आणि उत्तर-पूर्वेकडची खिडकी बघा. पाच नंबरला फॉक्स लागेल, सत्तेचाळीसला टेलेमुंडो हे स्पॅनिश चॅनेल. हे दोन लागले की तुमचा वर्ल्डकप लागला.

आता हिशोब बघा, मजा त्यातच आहे. एकूण मॅच १०४. इंग्रजीचे हक्क फॉक्सकडं. त्यातल्या ७० ते फुकटच्या फॉक्स चॅनेलवर दाखवणार आणि ३४ एफएस१ वर. हे एफएस१ केबलचं चॅनेल, अँटेनावर येत नाही. जावई म्हणतो ते अॅप म्हणजे फॉक्स वन. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं तेव्हा महिन्याला १९.९९ डॉलर होतं, त्यात दोन्ही येतं. स्पॅनिशचे हक्क टेलेमुंडोकडं. ते १०४ पैकी ९२ मॅच आपल्या मुख्य चॅनेलवर दाखवणार, उरलेल्या १२ युनिव्हर्सो नावाच्या त्यांच्या केबल चॅनेलवर. म्हणजे अँटेना लावून स्पॅनिश चॅनेल बघितलं तर फुकटात ९२, इंग्रजी बघितलं तर ७०. वीस डॉलरचा प्रश्न इथंच मिटतो. तरी कुणाला सगळ्याच्या सगळ्या पाहिजे असल्या तर पीकॉक अॅपवर १०४ मॅच स्पॅनिशमध्ये आहेत, ते फॉक्स वनपेक्षा स्वस्त पडतं.

'मला स्पॅनिश कुठं येतंय' असं म्हणाल. तुम्हीच लिहिलंय की तालमीत कुणी समालोचन ऐकत नाही!

आता जाहिरातीचं. तुमचा दोस्त चारचं चाळीस करत असेल, पण त्यातले चार खरे आहेत. १९९० ला इटलीतला वर्ल्डकप इथं टीएनटी नावाच्या केबल चॅनेलनं दाखवला होता आणि खेळ चालू असताना मधेच जाहिरातीला जायचे. अमेरिकेचा संघ चाळीस वर्षांनी पात्र झाला होता, आणि त्याचं असं स्वागत. मी तेव्हा कोल्हापुरातच होतो, इथल्या जुन्या लोकांकडून नंतर ऐकलं. ते आजही त्यावर शिव्या घालतात.

ते असं का करतात हे समजायला इथले बाकीचे खेळ बघावे लागतात. बेसबॉल, बास्केटबॉल, त्यांचं ते हेल्मेटवालं फुटबॉल, सगळे खेळ थांबत थांबत चालतात. हेल्मेटवाल्यात तर मैदानाच्या कडेला टीव्हीचा माणूस उभा असतो. जाहिरात संपल्याची खूण त्यानं केली की मग खेळ पुढं सरकतो. तोवर बावीस धिप्पाड माणसं कमरेवर हात ठेवून उभी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी जखमी झालंय. ज्या टीव्हीचं पोट अशा थांब्यांवर भरतं, त्याला सलग पंचेचाळीस मिनिटं म्हणजे उपवासच.

९४ ला वर्ल्डकप अमेरिकेत आला तेव्हा एबीसी आणि ईएसपीएन या चॅनेलनी तोडगा काढला. खेळात जाहिरात नाही, त्याऐवजी पडद्याच्या कोपऱ्यात स्कोअर आणि घड्याळ कायम ठेवायचं आणि त्याच्या शेजारी प्रायोजकाचं चिन्ह. आज आपल्याला कोपऱ्यातल्या घड्याळाशिवाय मॅच बघवत नाही, पण तेव्हा इथल्या लोकांना ते नवीन होतं. स्कोअर सारखा समोर दिसतोय म्हणून कुरकुर करणारेही निघाले. मला विचाराल तर अमेरिकन टीव्हीनं फुटबॉलसाठी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच.

त्या वर्ल्डकपचा पहिला दिवस १७ जून, शिकागोत जर्मनी-बोलिव्हिया. संध्याकाळी ओ. जे. सिम्प्सन, म्हणजे खुनाचा आरोप असलेला हेल्मेटवाल्या फुटबॉलचा जुना स्टार, त्याच्या पांढऱ्या ब्रॉन्को गाडीमागं पोलिसांच्या गाड्या लागल्या आणि अख्खा देश तो पाठलाग बघत बसला. एनबीसीनं बास्केटबॉलची फायनल छोट्या चौकोनात ढकलली. वर्ल्डकप सुरू झालाय हे कुणाच्या गावीही नव्हतं.

माझ्या खोलीत टीव्ही नव्हता. न्यू ब्रन्सविकला फ्रेंच स्ट्रीटवर एक लाँड्रोमॅट होतं, तिथं छताजवळ लोखंडी कंसात टीव्ही बसवलेला, त्यावर युनिव्हिजन. स्पॅनिश हक्क तेव्हा त्यांच्याकडं होते, २०१८ पासून टेलेमुंडोकडं आले. मी कपड्यांची पिशवी घेऊन मुद्दाम मॅचच्या वेळी जायचो. आंद्रेस कांतोर बोलायचा. ब्वेनोस आयरेसचा माणूस, पोरवयात अमेरिकेत आलेला. गोल झाला की एकाच श्वासात 'गोऽऽऽल' असा खेचायचा की चादरीच्या घड्या घालणाऱ्या बाया चादर तशीच हवेत धरून वर बघायच्या. ड्रायरचा आवाज त्याच्याखाली बुडून जायचा. मला स्पॅनिशचं अक्षर येत नव्हतं. पण चेंडू कुठं चाललाय, धोका किती आहे, रेफ्री चुकलाय का, सगळं त्याच्या आवाजाच्या चढ-उतारावर कळायचं. हे समालोचन माहीतगार माणसासाठी असतं. ऐकणाऱ्याला खेळ कळतो असं धरूनच ते बोलतात. इंग्रजीवाले पुष्कळदा उलटं धरून चालतात.

याचं कडेलोट उदाहरण म्हणजे २००६. एबीसी-ईएसपीएननं मुख्य समालोचक म्हणून डेव्ह ओब्रायनला बसवलं. बेसबॉलचा नावाजलेला आवाज, माणूस कामात पक्का. पण बेसबॉलमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये गोष्ट सांगायला वेळ असतो, इथं नसतो. लोकांनी इतकी टीका केली की २०१० ला ईएसपीएननं सरळ इंग्लंडहून मार्टिन टायलर, इयान डार्क अशी मंडळी आणली. २३ जूनला अल्जीरियाविरुद्ध इंज्युरी टाइममध्ये अमेरिकेच्या लँडन डोनोव्हननं गोल मारला, ती मॅच डार्कच्या आवाजात लागलेली. आमच्या ऑफिसात त्या दिवशी कुणी काम केलं नाही. मॅनेजरसुद्धा उभं राहून बघत होता, आणि त्याला तोवर ऑफसाइड माहीत नव्हतं.

मग फॉक्स आलं. २०११ मध्येच फिफानं २०१८ आणि २०२२ चे हक्क फॉक्स आणि टेलेमुंडोला देऊन टाकले होते. २०१८ ला नेमका अमेरिकेचा संघच पात्र झाला नाही. फॉक्सचे बरेच समालोचक रशियाला न जाता लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत पडद्यासमोर बसून बोलत होते. त्यांनाही तेवढंच दिसायचं जेवढं मला सोफ्यावरून. चेंडूपासून लांब कोण पळतंय हे तुम्हाला बघायचं असतं ना आप्पा, ते मैदानात बसलेल्यालाच दिसतं आणि तोच सांगू शकतो.

चित्राबद्दल मात्र निश्चिंत राहा. फिफाचे कॅमेरे सगळ्या जगाला एकच चित्र पुरवतात. तालमीच्या पडद्यावर जे दिसेल तेच तुम्हाला. फरक बोलण्याचा आणि मॅचच्या आधी-नंतरच्या गप्पांचा. फॉक्सवर त्या गप्पांत अलेक्सी लालास असतो. ९४ च्या अमेरिकन संघातला तांबड्या दाढीचा बचावपटू. तो मुद्दाम असं काही बोलतो की समोरच्यानं भांडावं. एका बाजूनं ते तुम्हाला घरच्यासारखं वाटंल.

एका गोष्टीचा मात्र मला राग आहे. फिफानं डिसेंबरमध्ये जाहीर केलं की यंदा प्रत्येक मॅचला प्रत्येक हाफमध्ये, बाविसाव्या मिनिटाच्या आसपास, तीन मिनिटं खेळ थांबवून खेळाडूंना पाणी द्यायचं. ऊन असो नसो, मैदानावर छत असो नसो. खेळाडूंसाठी म्हणतात. ९४ ला युरोपातल्या टीव्हीची वेळ साधायला भर दुपारच्या उन्हात मॅच ठेवल्या होत्या, म्हणजे पाण्याची गरज मला कळते. पण छताखाली, एसी चालू असताना पाणी? त्या तीन मिनिटांत जाहिराती लागणार नाहीत असं सांगणाऱ्याला मी मिसळ घालीन. चार तुकड्यांत खेळ करायची इथल्या टीव्हीची जुनी इच्छा होती, ती फिफानं पाण्याच्या बाटलीतून पुरी केली. तेव्हा तुमच्या दोस्ताला सांगा, गोल जाहिरातीत जाणार नाही, पण चहाला तीनदा उठता येईल.

अँटेनाचा आणखी एक फायदा राहिला. अॅपवरचं चित्र हवेतल्या चित्रापेक्षा अर्धा-पाऊण मिनिट मागं असतं, कधी जास्तच. २०२२ ला मी अॅपवर बघत होतो आणि वरच्या मजल्यावरचं पोरगं फोनकडं बघून आधीच ओरडायचं. फायनलला पेनल्टी सुरू झाल्यावर मी त्याचा फोन काढून फ्रीजवर ठेवला.

डॅलसची_सूनबाई

आप्पा, मी माहेरची राजारामपुरीची, आता डॅलसजवळ असते. रॅरिटनकरांचं अँटेनाचं एकदम बरोबर, आम्हीही तेच करतो. पण फॉक्सवाल्यांवर त्यांनी जरा जास्तच तोंडसुख घेतलंय, म्हणून दुसरी बाजू मांडते.

माझी मुलगी शाळेच्या संघात गोलकीपर आहे. मी स्वतः कोल्हापुरात वाढले, पण स्टेडियमची पायरी कधी चढले नव्हते. भाऊ जायचा, आम्ही मुली घरी. गल्लीत विजयी मिरवणूक आली की गॅलरीतून बघायचो, तेवढंच. मला हा खेळ कळला तो इथं, २०१५ साली सोफ्यावर बसून, फॉक्सवर. महिलांचा वर्ल्डकप होता, फायनलला अमेरिकेनं जपानला ५-२ हरवलं. कार्ली लॉइडनं सोळा मिनिटांत तीन गोल मारले, त्यातला एक तर मैदानाच्या मधल्या रेषेवरून. इथं अडीच कोटींहून जास्त लोकांनी ती मॅच बघितली. समालोचक होता जे. पी. डेलाकमेरा. अमेरिकन माणूस, इंग्लंडहून आणलेला नव्हे. १९९९ च्या महिला फायनललाही, रोझ बोलमध्ये नव्वद हजार लोक आले होते तेव्हा, त्याचाच आवाज होता. शांत बोलतो, लागेल तेवढंच बोलतो, आणि ऑफसाइड एका वाक्यात सांगून पुढं जातो. त्या एका वाक्यावर मी शिकले.

माहीतगारांसाठी बोलणं चांगलंच हो. पण आमच्यासारख्या नव्यांना कुणी सांगायचं? तालमीत बसून शिकायची सोय सगळ्यांना नसते.

आणि रॅरिटनकर, फॉक्सवरच्या त्या मॅचच्या आधी-नंतरच्या गप्पांचं म्हणाल तर मीही आवाज बंद करते. तिथं आपलं एकमत.

इथली एक बातमी, तुम्हाला आवडेल. सगळ्या १०४ मॅचची चित्रं जिथं गोळा होऊन जगभर जातात ते प्रसारण केंद्र आमच्या डॅलसच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये आहे. मंगळवार पेठेत जे दिसेल ते आधी आमच्या गावातून जाणार. शेजारच्या आर्लिंग्टनच्या स्टेडियममध्ये नऊ मॅच आहेत, इतक्या दुसऱ्या कुठल्याच मैदानावर नाहीत. बाहेर जून-जुलैचं ऊन असतं की गाडीचं हँडल धरवत नाही, आत छत आणि एसी. पाण्याच्या ब्रेकबद्दल रॅरिटनकरांचा राग तेवढा मला पटतो.

रंकाळा_ते_रॅरिटन

सूनबाई, डेलाकमेराबद्दल शंभर टक्के. तो माझ्या लिहिण्यात यायला पाहिजे होता.

नव्यांना शिकवण्याबद्दल मात्र मी अडून राहतो. शिकवायचं तर जरूर शिकवा, पण चेंडू पेनल्टी एरियात असताना नको. तो बाहेर गेल्यावर काय सांगायचं ते सांगा.

आप्पा_मंगळवार (कोल्हापूर)

मंडळी, लई उपकार. शिवाजी पेठेचा माणूस माझ्यासाठी एवढं लिहितो हे मी तालमीत वाचून दाखवलं. दोघातिघांचा विश्वास बसेना. एक म्हणाला, काहीतरी मागणार बघ आता.

जावयाला फोन केला. अँटेना म्हटल्यावर तो आधी हसला, मग फोनवरच शोधून बघितलं आणि म्हणाला, बाबा, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आता मागवतोय. नातू म्हणतो स्पॅनिश त्याला शाळेत आहे, तो मला सांगेल. हा पठ्ठ्या मॅच कधी सबंध बघत नाही, फोनवर गोल तेवढे बघतो. बघू कोण कुणाला काय शिकवतंय.

सूनबाई, तुमचं वाचून आमच्या हिला दाखवलं. ती म्हणाली, मीबी चाळीस वर्षं मिरवणूक गॅलरीतूनच बघितली, मला कुणी विचारलं? आता मी काय बोलणार. तिला म्हटलं, तिथं माझ्याशेजारी बस. ती म्हणाली, बघू, मालिकेच्या वेळेला नसली तर.

दोन शंका राहिल्या. एक, अर्जेंटिनाची पहिली मॅच तिथल्या घड्याळात किती वाजता? इथल्या पोरांनी सकाळी साडेसहा सांगितलंय. दुसरं, गटातल्या शेवटच्या मॅच एकाच वेळी दोन-दोन असतात, तेव्हा काय करायचं?

रंकाळा_ते_रॅरिटन

मागणार तर आहेच. येताना कांदा-लसूण मसाला आणा, अर्धा किलो. कस्टमला चालतो.

अर्जेंटिना-अल्जीरिया कॅन्सस सिटीला आहे, १६ जूनला. आपल्या जर्सीच्या घड्याळात रात्रीचे नऊ. कोल्हापूर साडेनऊ तास पुढं, म्हणून पोरांचे सकाळचे साडेसहा बरोबर, पण १७ तारखेचे. त्याआधी १३ जूनला संध्याकाळी सहाला ब्राझील-मोरोक्को आहे, ती ईस्ट रदरफर्डलाच. त्या दिवशी जावयाला त्या बाजूच्या हायवेनं कुठं नेऊ नका म्हणावं, चार तास गाडीत बसाल. काही मॅच पश्चिम किनाऱ्यावरच्या आहेत, त्या इथं रात्री नऊ-दहाला आणि एखादी तर बाराला सुरू होते.

एकाच वेळच्या दोन मॅचची भानगड ८२ पासनंची. पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियाला दोघांनाही पुढं नेणारा निकाल आधीच माहीत होता आणि त्यांनी नुसता चेंडू इकडून तिकडं फिरवत वेळ काढला. त्यानंतर ८६ पासून गटातल्या शेवटच्या दोन्ही मॅच एकदम घेतात. तेव्हा फॉक्स एक मॅच मुख्य चॅनेलवर दाखवणार आणि दुसरी एफएस१ वर, टेलेमुंडोवालेही तसंच विभागणार. दोघांनी मुख्य चॅनेलवर वेगवेगळी मॅच लावली तर अँटेनावर दोन्ही मिळतील, एकच लावली तर नाही. त्या चार दिवसांपुरतं अॅप घ्यायचं असलं तर जूनच्या विसाव्या तारखेनंतर घ्या, म्हणजे एकाच महिन्याच्या पैशात गटाचा शेवट आणि फायनलपर्यंतचं सगळं येतं. आणि पैसे भरल्या भरल्या लगेच पुढचं नूतनीकरण बंद करून टाका. एका अॅपनं माझ्या कार्डावरून महिनोन् महिने पैसे कापलेत, मी ते उघडतसुद्धा नव्हतो.

रात्रीच्या मॅचला टीव्हीला जोडता येणारा हेडफोन घ्या. इथली घरं लाकडाची असतात, आवाज वरपर्यंत जातो, आणि नातवाची शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत असते.

फुलेवाडी_एक्सप्रेस

आप्पा, खुर्चीचं काय ठरलं मग?

आप्पा_मंगळवार (कोल्हापूर)

बस. पण अर्जेंटिनाच्या मॅचला ब्राझीलचा शर्ट घालून बसायचं नाही.